अफवा, गावकी आणि शाळेतील गुरुजी

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या महाड येथील एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभा सुरू होण्यापूर्वी आपण सारे चहा घेत होतो, त्या वेळी पोलादपूरच्या डोंगरभागातील एका शाळेचे गुरुजी माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, संध्याकाळी गावात काही वाईट बातमी आली, माणसे काठ्या घेऊन देवळापाशी जमू लागली, तर मी नेमके काय करावयाचे? मी एकटा शिक्षक. बदलीने आलेला. गावातला नव्हे." मी आजच्या भाषणासाठी टिपणे काढून आणली होती. त्यांत विश्वशांती होती, राष्ट्रीय एकात्मता होती आणि ज्यांवाचून आम्हा माहिती खात्यातील मंडळींचे भाषण पुरे होत नाही असे आणखीही काही शब्द होते. प्रश्न ऐकला आणि ती टिपणे खिशातच राहिली. त्या गुरुजींना उत्तर देण्याचा प्रयत्न करणे हेच माझे आजचे भाषण.

आपण ज्या गावात बसलो आहोत तेथूनच आरंभ करणे योग्य होईल. चवदार तळ्याची हकीकत आपण सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच तिच्यातील काही गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांस खुले असावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केले. ठराव झाला, कागदावर शिक्का उमटला, आणि पुढे तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील बहिष्कृत वर्गाची परिषद येथे भरली, तेव्हा परिषदेस आलेल्यांना पिण्यास पाणी हवे म्हणून चाळीस रुपये मोजून ते विकत घ्यावे लागले होते. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सारे प्रतिनिधी शांतपणे तळ्यावर गेले, त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले आणि ते मंडपात परतले. एवढ्याने कोणालाही ओरखडा उठला नव्हता.

त्यानंतर साधारणपणे दोन तासांनी बाजारपेठेत एक बातमी फिरू लागली : "तळे बाटविले, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत." बातमी सर्वस्वी खोटी होती. तसा विचार परिषदेत कोणी मांडलेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी स्वतः तसे स्पष्ट सांगितले. परंतु तोवर काठ्या निघाल्या होत्या. मंडपात जेवावयास बसलेल्या, घरी जाण्यासाठी बोचकी बांधणाऱ्या माणसांवर जमाव तुटून पडला. शिजलेले अन्न मातीत गेले. वाटेला लागलेल्यांना रस्त्यांवर आणि खेड्यापाड्यांत गाठून मारले. काहींना महाडातील मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला, म्हणून ते वाचले.

गुरुजनहो, या प्रसंगाचा आपण वर्गात 'समतेचा लढा' म्हणून उल्लेख करतो, आणि तो योग्यच आहे. तथापि माहिती खात्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष त्या दोन तासांवर खिळून राहते. वीरेश्वराचे देऊळ आणि तळे ही काही परस्परांपासून कोसभर अंतरावर नव्हेत. ज्याला खरे-खोटे करावयाचे होते त्याला मंडपापर्यंत चालत जाऊन विचारता आले असते. कोणी गेले नाही. कारण बातमी खरी असावी अशीच ऐकणाऱ्यांची इच्छा होती. अफवेचे बळ सांगणाऱ्याच्या तोंडात जेवढे असते त्याहून अधिक ते ऐकणाऱ्याच्या मनात आधीच साठलेले असते. आणि हे साठवण एका दिवसाचे नसते, ते लहानपणापासून चाललेले असते.

याचे एक उदाहरण महाडचेच आहे. येथून जवळच असलेल्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे हे १९२७ च्या परिषदेच्या संयोजकांपैकी एक. त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. १९१४ च्या सुमारास, वय अकराच्या आसपास असताना, त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालावयास ते गेले, तेव्हा जागेच्या मालकाचा विरोध होईल म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या मुलाने काय करावे? त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले. ते छापून आले, आणि शाळेला प्रवेश देणे भाग पडले. मात्र त्याला बसविले ते वर्गाबाहेर, खिडकीपाशी. आता विचार करा. खिडकीबाहेर बसलेला मुलगा जे शिकला ते शिकलाच. पुढे तो मोठा कार्यकर्ता झाला. पण खिडकीच्या आत बसलेली तीस-चाळीस मुले रोज काय शिकत होती? कोणी बाहेर बसतो आणि कोणी आत बसतो, आणि हे असेच असावयाचे असते, हा धडा त्यांच्या पुस्तकात नव्हता. तो त्यांना बैठकीतून मिळत होता. १९२७ साली काठ्या घेऊन निघालेल्यांत त्या वर्गातील कोणी होते, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या गावात शाळेची बैठक अशी होती, त्या गावात वीरेश्वराची अफवा दोन तासांत पेटली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आता त्या दिवसाची दुसरी बाजू पाहू. डॉ. आंबेडकर त्या वेळी सरकारी बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती संतापलेली शेकडो माणसे जमली होती, आणि त्यांत लष्करातून निवृत्त झालेले, हत्यार चालविणे ज्यांना नवे नव्हते असे अनेक जण होते. एक शब्द पुरे होता. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. तुम्ही तुमच्या लोकांना आवरा, मी माझ्या लोकांना आवरतो, अशा आशयाचे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, आणि ते खरे करून दाखविले. नंतर रीतसर खटला चालला. ६ जून १९२७ रोजी हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून बोटीने दासगावपर्यंत आणि तेथून पायी मंडळी महाडास आली. परिषदेला जागा देण्यास कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. सत्याग्रहासाठी हजारो लोकांनी नावे नोंदविली होती. तथापि दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, आणि साऱ्यांची मने पेटलेली असताना डॉ. आंबेडकरांनी त्यांना तळ्यावर न जाण्यास राजी केले. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परतली. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तळे सर्वांस खुले असल्याचा निर्णय दिला.

आपल्यातील काही मंडळींना वाटत असेल की शांतता शिकविणे म्हणजे मुलांना 'भांडू नका, गप्प बसा' असे सांगणे. माझे मत निराळे आहे. महाडच्या परिषदेतील माणसे गप्प बसली नाहीत. आपला हक्क त्यांनी सोडला नाही, आणि हात उगारण्याचा मोहही त्यांनी टाळला. ज्या गुरुजींनी ही दोन्ही वाक्ये एकत्र शिकविली त्यांनी अतिरेकाविरुद्ध मुलाला खरे शस्त्र दिले. नुसते दुसरे वाक्य शिकविणाऱ्याचे ऐकून अन्याय सोसणारा मुलगा उद्या पहिल्या भडक भाषणामागे जाईल, यात शंका नाही.

अशा शिक्षकाचे नाव सांगावयाचे तर ते आपल्या शेजारचेच आहे. सावित्रीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड म्हणून गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. मुंबईहून महाडकडे येताना माणगाव तालुक्यातील वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. आपल्यापैकी किती जण आपल्या मुलांना घेऊन तेथे गेले आहेत हे मी विचारीत नाही, कारण हात थोडे वर आले तर आपणा सर्वांनाच अवघड वाटेल.

साने गुरुजींची ओळख आपण 'श्यामची आई' या पुस्तकापुरती आणि शाळेत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेपुरती ठेविली आहे. हळवे, अश्रू ढाळणारे गुरुजी. परंतु ते सहा वर्षे शिक्षक होते, हे त्यांच्या आयुष्यातील कळीचे वर्ष-सहा वर्षांचे पान आपण नीट वाचलेले नाही. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिकविले. वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांनी खोली झाडली नाही तर ते रागावत नसत. मुले वर्गात गेल्यावर स्वतः झाडून काढीत, अंथरुणांच्या घड्या घालून ठेवीत. संध्याकाळी परतलेल्या मुलाला काही बोलण्याची गरज उरत नसे. ते 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. देशात काय चालले आहे, जगात काय घडते आहे, थोर पुरुषांचे चरित्र काय सांगते, हे सारे त्यात असे, आणि मुले ते वाचावयास गर्दी करीत. मला स्वतःला या दैनिकाचे फार अप्रूप वाटते. आमचे खाते यंत्रे, कागद आणि कर्मचारी यांच्या साहाय्याने जे करू पाहते ते एक शिक्षक बोरू आणि शाई घेऊन करीत होता : मुलांपर्यंत खरी बातमी खोट्या बातमीच्या आधी पोहोचवीत होता.

पुढे ते शाळा सोडून मिठाच्या सत्याग्रहात गेले, तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. यातूनच पुढे 'आंतरभारती'ची कल्पना आली. भाषावार प्रांतांची मागणी जोरात होती त्या काळात, प्रांताप्रांतांत द्वेष वाढू नये म्हणून प्रत्येकाने शेजारच्या प्रांताची भाषा, गाणी, साहित्य शिकावे, अशी ती योजना होती. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती मांडली.

त्यांच्या शांततेत किती धार होती हे पंढरपूरला दिसले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून ते आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले. सभा घेतल्या, लोकांना समजावले, गावोगावची देवळे व विहिरी खुल्या करविल्या. मग १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. प्राण पणाला लावला तो स्वतःचा. दुसऱ्या कोणाच्या अंगाला बोट लागले नाही.

त्यानंतर वर्षभराच्या आतच ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. हत्या करणारा महाराष्ट्रातील होता, आणि त्या बातमीपाठोपाठ महाराष्ट्रात अनेक गावी ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. म्हणजे एका अतिरेकाचे उत्तर म्हणून दुसरा अतिरेक उभा राहिला, आणि या दुसऱ्याच्या ज्वाळांत ज्यांचा त्या हत्येशी काडीमात्र संबंध नव्हता ती कुटुंबे होरपळली. त्या दिवसांत बहुतेक पुढारी एकतर पहिल्याला दोष देत होते किंवा दुसऱ्याला. साने गुरुजींनी फेब्रुवारीत एकवीस दिवसांचे उपोषण केले, प्रायश्चित्त म्हणून. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली, हेही सांगितले पाहिजे. आपण ते टाळतो. एका संवेदनशील माणसाला भोवतालचा द्वेष किती जड झाला होता, हे त्यातून कळते. त्यांच्याभोवतालच्या लोकांनी त्यांचे दुःख वेळीच वाटून घ्यावयास हवे होते, असे मला वाटते, आणि आपल्या सहकारी शिक्षकांकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये.

आता आपल्या गावाकडे येऊ.

महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात आज भांडण कशावरून होते? बहुतांश धर्मावरून नाही. शिमग्याला पालखी आधी कोणत्या वाडीत जावी, मान कोणाचा, नाचवावयाची कोणी, यावरून होते. पायवाटेवरून, पाण्याच्या नळावरून, निवडणुकीत कोण कोणाबरोबर गेला यावरून होते. अर्धे गाव मुंबईला असते. तेथे मंडळाच्या बैठकीत निर्णय होतो आणि येथे गणपतीला किंवा शिमग्याला आलेला चाकरमानी तो घेऊन येतो. मग एखादे घर वाळीत टाकले जाते. त्या घरी कोणी जाऊ नये, त्यांच्या मयताला खांदा देऊ नये, दुकानदाराने सामान देऊ नये. रायगड जिल्ह्यात अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या, इतक्या की राज्याला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा हा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बैठकीत बसून तसा निर्णय घेणाऱ्यासही कायदा सोडीत नाही. सरपंच मंडळींनी हे आपल्या गावकीला एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. पुष्कळांना खरोखरच ठाऊक नसते.

यात शाळेचे काय, असे आपण विचाराल. मोठ्या माणसांनी वाळीत टाकलेल्या घरातील मूल शाळेत येते, आणि गावातील हीच एक जागा अशी असते की जेथे ते इतरांच्या मांडीला मांडी लावून बसू शकते. काही वर्षांपूर्वी डोंगरातील एका शाळेत मी दुपारच्या वेळी गेलो होतो. खिचडी वाढण्याची वेळ होती. बाईंनी वाढण्याची पाळी मुलांकडे दिलेली होती, आणि त्या दिवशी ज्याची पाळी होती तो मुलगा ताट घेऊन ओळीत फिरत होता. परतताना बाईंनी मला हळूच सांगितले की या मुलाच्या घराशी गावाने दोन वर्षे व्यवहार तोडला आहे. पहिल्या दिवशी चार मुलांनी ताटे मागे घेतली होती. बाई काहीही बोलल्या नाहीत. त्या स्वतः ओळीत खाली बसल्या आणि त्यांनी त्या मुलापुढे आपले ताट धरले. दुसऱ्या दिवशी दोन ताटे मागे गेली. आठवड्यात एकही नाही. पालकांकडून तक्रार आली का, असे मी विचारले. आली, असे त्या म्हणाल्या, आणि तक्रार करणाऱ्यांना त्यांनी शाळेत बोलावून पाळीचा तक्ता दाखविला. "हा शाळेचा नियम आहे, माझा नाही," एवढेच त्यांनी सांगितले. मला वाटते अमळनेरच्या वसतिगृहातील गुरुजी आणि या बाई यांच्यात फारसे अंतर नाही.

इतिहासाचा तास ही आणखी एक जागा. आपली मुले रायगडाच्या सावलीत वाढतात, पोलादपूरच्या मुलाला उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव हे सांगावे लागत नाही. ही केवढी मोठी श्रीमंती आहे, आणि तितकीच मोठी जबाबदारी. कारण हाच इतिहास अर्धा सांगितला की शेजाऱ्याविषयी विष होतो. गुरुजींनी एवढेच करावे : तो पुरा सांगावा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी रायरीचा किल्ला, म्हणजे आजचा रायगड, घेतला तो जावळीच्या मोऱ्यांकडून. ते मराठे होते. पोलादपूरच्या डोंगरातील चंद्रगडही मोऱ्यांचाच. दुसरीकडे महाराजांच्या आरमारावर दौलतखान नावाचा सरदार होता, आणि काझी हैदर त्यांच्या पदरी होता. हे सारे सांगितले की मुलाला आपोआप कळते की तो संघर्ष राज्याचा, न्यायाचा व रयतेच्या रक्षणाचा होता, आणि दोन्ही बाजूंस नाना धर्मांची माणसे होती. महाराजांचे मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे काठ्यांकडे. १९२७ साली अफवेला बाजारपेठेतून खेड्यापर्यंत जावयास काही तास लागले. आज ती चाकरमान्याच्या मोबाईलवरून मुंबईहून वाडीत क्षणात येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना मुले पळविणारे समजून ठार मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातील भिक्षेकरी होते. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात मोबाईलवरून आधीच फिरत होते. पंचायत सदस्यांनो, त्यांना ज्या खोलीत कोंडून मारले ती ग्रामपंचायतीची खोली होती. मला ही गोष्ट आपल्यापुढे सांगताना बरे वाटत नाही. परंतु ज्या खोलीत आपण जन्म-मृत्यूच्या नोंदी करतो ती सर्वांत सुरक्षित जागा असावयास हवी होती. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. त्यावर लगेच दुसरी अफवा उठली, घटनेला धर्माचा रंग देणारी. तिचे निराकरण राज्य शासनाला करावे लागले. अफवेने मारलेल्या माणसांच्या मृत्यूचेही दुसऱ्या अफवेने भांडवल केले.

अशा वेळी शिक्षक काय करू शकतो? तो बदलीने आलेला आहे, हे त्याचे दुबळेपण आहे असे गुरुजींना वाटते. मला त्यात बळही दिसते. तो कोणत्याही वाडीचा नाही, कोणत्याही भावकीचा नाही, पालखीच्या मानात त्याचा वाटा नाही. शिवाय जमलेल्यांपैकी निम्मी तरणी पोरे त्याचे किंवा त्याच्या आधीच्या गुरुजींचे विद्यार्थी असतात. पण हे बळ त्या संध्याकाळी ऐनवेळी उत्पन्न होत नाही. ते आधीपासून साठवावे लागते. माझी एक सूचना अशी : आठवड्यातून एक दिवस परिपाठानंतर दहा मिनिटे काढावीत. घरातल्या मोबाईलवर आलेला कोणताही एक संदेश मुलांनी सांगावा. फळ्यावर तो लिहावा आणि चार प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहिले? कोठे? केव्हा? पाहणाऱ्याचे नाव काय? बहुतेक संदेश दुसऱ्या प्रश्नालाच कोसळतात, आणि मुलांना याची भलतीच गंमत वाटते. मूल घरी जाऊन बापाला तेच चार प्रश्न विचारते. बाप चिडतो, पण संदेश पुढे पाठविताना त्याचे बोट क्षणभर थांबते. हे काम कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणता. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. त्यांचा दुसरा उपक्रम कमी लोकांना माहीत आहे. भारत-पाकिस्तान, पॅलेस्टाइन-इस्रायल, इराक-इराण अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलामुलींना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरून समोरासमोर बसवून बोलते केले. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या शाळांत तेवढी साधने नसतील. पण पोलादपूरच्या डोंगरवाडीतील वर्गाने महाडच्या पेठेतील उर्दू शाळेच्या वर्गाला पत्र लिहावयास साधने लागत नाहीत; पोस्टकार्ड पुरते. पत्राचे उत्तर आले की मुले एकमेकांना भेटावयाची मागणी आपणच करतील. आणि भेटीची जागा म्हणून चवदार तळ्याचा काठ सुचवावा, तेथे बसावयास जागा आहे.

एवढे सांगून मी त्या गुरुजींच्या प्रश्नाकडे, त्याच्या अगदी शब्दशः अर्थाने, येतो. गुरुजी, संध्याकाळी लोक देवळापाशी जमू लागले, तर सर्वप्रथम ११२ क्रमांकावर दूरध्वनी करा, आणि आपल्या ठाण्याचा क्रमांक आज घरी जाण्यापूर्वी लिहून घ्या. नंतर सरपंच आणि पोलीस पाटील यांना कळवा, आणि एकटे न जाता त्यांच्याबरोबर जा. परका मनुष्य पकडला गेला असेल तर त्याचे नाव, गाव व आधार कार्ड विचारा आणि त्याच्या गावी दूरध्वनी लावा, सर्वांच्या समोर, आवाज सर्वांना ऐकू जाईल असा. त्याच्या घरच्या माणसाचा आवाज ऐकला की जमावातील निम्मी माणसे मागे सरतात. कोणालाही कोणत्याही खोलीत कोंडू देऊ नका. जमावातील आपले जुने विद्यार्थी नावाने हाका मारून ओळखा. नावाने हाक ऐकलेला मुलगा काठी खाली घेतो, निदान बहुतेक वेळा घेतो. जमावाने ऐकले नाही तर मध्ये पडून आपला जीव घालवू नका. पोलीस येईपर्यंत कोण कोण तेथे होते ते लक्षात ठेवा.

आणि सरपंचांनो, ज्या गुरुजींनी असे केले त्यांची पुढच्या महिन्यात बदली व्हावी म्हणून अर्ज येतील. त्यांवर आपली सही घेण्यास कोणी आले तर काय करावयाचे, हे आपण आजच ठरवून घरी जावे. तंटामुक्त गाव समितीचे रजिस्टर पंचायतीत आहेच. २००७ साली मोहीम सुरू झाली तेव्हा ते उत्साहाने भरले जात होते. ते कपाटातून काढून, शाळेतील एक शिक्षक व एक शिक्षिका यांची नावे त्यात घालून, पुढच्या ग्रामसभेपुढे ठेवता येईल. ग्रामसभेची तारीख आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.